फोपसे पाहिले का?

(रविवार, 1 डिसेंबर 2024 रोजी पिस्कॅटवे येथे झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून लिहून घेतले आहे.)



काल शब्बाथी आपण तोलदोत हा पाराशा वाचला. दृष्टी मंदावलेला इसहाक आपल्या वडील पुत्रास रानात धाडतो आणि शिकार आणून रुचकर जेवण कर म्हणून सांगतो. इकडे रिबका घरच्या कळपातील दोन करडे रांधते आणि तीच शिकार म्हणून त्याच्यापुढे जाते. या कथेवर आजवर पुष्कळ प्रवचने झाली. आशीर्वादावर झाली, कपटावर झाली, भावाभावांच्या वैरावर झाली. त्या ताटातील मांसावर कोणी बोलल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही. मी जन्माने बेने इस्राएल आणि व्यवसायाने पशुवैद्य. हयातीचा मोठा भाग जनावरांची काळजे आणि आतडी पाहण्यात गेला, त्यामुळे माझे लक्ष नेमके ताटाकडेच जाते. शिवाय हा पाराशा दरवर्षी ज्या दिवसांत येतो तेच न्यू जर्सीत हरणांच्या शिकारीचे दिवस असतात. धनुष्यबाणाचा हंगाम चालू आहे, बंदुकीचा याच महिन्यात सुरू होईल. तेव्हा विषय काळवेळ पाहूनच निवडला आहे असे समजावे.

गेल्या महिन्यात आपल्यापैकी एका घरी एक प्रसंग घडला. त्या कुटुंबाच्या परवानगीने, नावे न घेता, तो सांगतो. घरच्या मुलाचा कचेरीतील एक सहकारी डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राहतो आणि शिकार करतो. त्याने मोठ्या स्नेहाने हरणाच्या मांसाची सहा पाकिटे भेट म्हणून आणून दिली. नीट कापलेली, गोठवलेली, वर तारीख घातलेली. मनुष्य सज्जन, आपल्या कष्टाचा उत्तम वाटा त्याने मित्राच्या घरी पोहोचवला होता. घरातली सून गरोदर आहे. आजी रेवदंड्याकडच्या, वय नव्वदीला टेकलेले. त्यांनी पाकीट हातात घेऊन विचारले, "कोणी कापलं?"

नातू म्हणाला, "आजी, कापलं नाही, बाणानं मारलंय."

"मग आपल्याला चालायचं नाही," आजी म्हणाल्या. आणि क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "पण फोपसं पाहिलं होतं का त्यानं?"

घरात हशा पिकला. जे खायचेच नाही त्याचे फोपसे पाहून करायचे काय? पुढे कोणीतरी ही गंमत म्हणून मला सांगितली. मला मात्र ती गंमत वाटली नाही. आजींनी दोन निरनिराळे प्रश्न विचारले होते. पहिला होता, हे आपल्याला विहित आहे का? दुसरा होता, हे जनावर निरोगी होते का? पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले म्हणून दुसरा निकालात निघत नाही. आणि पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले असते, तरीही दुसरा उरलाच असता. आज मला बोलायचे आहे ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी.

तरी पहिल्याची वाट थोडक्यात चालून घेऊ, कारण आपल्या तरुण मंडळींत याविषयी बराच गोंधळ आहे. हरीण हे मुळात निषिद्ध जनावर नाही. त्याचे खूर दुभंगलेले असतात आणि ते रवंथ करते. दवारीम ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात खाण्यास योग्य अशा रानातल्या सात पशूंची नावे दिली आहेत आणि हरीण त्यांत आहे. आपल्या कोकणच्या रानातले भेकर आणि सांबर याच लक्षणांचे; ससा आणि रानडुक्कर मात्र नव्हेत. वायिक्रा ग्रंथात तर शिकार करून मिळवलेल्या पशुपक्ष्यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्यांचे रक्त धुळीने झाकावे अशी आज्ञा आहे. ही आज्ञा रानातल्या पशूंना आणि पक्ष्यांना लागू आहे, गोठ्यातल्या बकरीला नाही. उलट बकरीची जी चरबी आपल्याला वर्ज्य, ती हरणाची वर्ज्य नाही. मांडीची शीर, गिद हानाशे, मात्र दोघांचीही वर्ज्य. म्हणजे शास्त्रकारांनी रानातल्या मांसाचा विचार केला होता, आणि तो बारकाईने केला होता.

अडचण आहे ती मारण्याच्या रीतीत. त्या काळची शिकार म्हणजे जाळे किंवा फासा लावून जिवंत पकडणे आणि मग शेहिता करणे. बाणाने वा गोळीने मेलेले हरीण हे नेवेला ठरते. त्यावर मागाहून कोणतीही सुरी फिरवून उपयोग नाही. रस्त्यावर मोटारीच्या धक्क्याने मेलेल्या हरणाचीही तीच गत. या राज्यात परवाना घेऊन असे हरीण घरी नेता येते, पण तो परवाना सरकारचा झाला. शिकारीच्या छंदाविषयीही आपल्या आचार्यांचे मत फारसे अनुकूल नाही. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेज्केल लांडाऊ यांना एका धनिकाच्या निमित्ताने विचारण्यात आले की, आपल्या जंगलात बंदूक घेऊन शिकारीस जाणे योग्य आहे काय? त्यांनी उत्तरात दाखवून दिले की तोरात शिकारी म्हणून ज्यांची नावे येतात ते निम्रोद आणि एसाव. अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या वंशजांचा हा मार्ग नव्हे.

इथपर्यंत ठीक. परंतु मी येथे कोणाच्या घरची चूल तपासायला उभा नाही. आपल्यापैकी काही घरांत काशेर काटेकोर पाळले जाते, काही घरांत फक्त डुक्कर आणि कोळंबी टाळली जाते, काहींची मुले मित्रांकडे जे ताटात येईल ते खातात, काहींचे जावई आणि सुना शिकारी घराण्यांतून आल्या आहेत. हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही ठाऊक आहे. नेवेला आहे, खाऊ नका, इतके सांगून मी खाली बसलो तर जे खाणार आहेत त्यांच्या उपयोगाचे मी काहीच सांगितले नाही असे होईल. म्हणून आता फोपशाकडे वळतो.

जनावराच्या अंगात ज्या व्यंगांमुळे ते तेरेफा ठरते, त्यांची मोठी यादी हुल्लीन या प्रकरणात आहे. रांबाम यांनी ती मोजून सत्तर व्यंगे सांगितली. भोक पडलेले, फाटलेले, तुटलेले, एखादा अवयव मुळातच नसलेले, उंचावरून पडलेले, हिंस्र पशूने पंजा मारलेले. परंतु शोहेताने ही सत्तरच्या सत्तर दर जनावरात शोधावीत अशी अपेक्षा नाही. बहुतेक जनावरे निरोगी असतात या तत्त्वावर बाकीच्यांना सूट आहे. अपवाद एकच आहे, फोपसे. योसेफ कारो यांच्या शुलहान आरूखमध्ये स्पष्ट सांगितले आहे की गोठ्यातला पशू असो वा रानातला, फोपसे तपासलेच पाहिजे. आणि जो कोणी हे कुंपण मोडून तपासल्यावाचून खाईल त्याला साप डसो, अशा अर्थाचा शापही तेथेच आहे. एरवी संयमाने लिहिणाऱ्या ग्रंथात अशी भाषा क्वचित येते. पक्ष्यांना मात्र ही तपासणी नाही.

फोपशालाच हा मान का? कारण फोपशात दोष वारंवार सापडतात. शोहेत श्वासपटलाला चीर पाडतो, हात आत घालतो आणि फोपसे जागेवर असतानाच चहूबाजूंनी बोटे फिरवून पाहतो. ते बरगडीला कोठे चिकटले आहे का, एक पाळे दुसऱ्याला चिकटले आहे का? त्या चिकटण्याला सिरखा म्हणतात. ही तपासणी डोळ्यांनी होत नाही, कारण फोपसे बाहेर ओढले की नाजूक धागे तुटून जातात आणि पुरावा नष्ट होतो. मग ते बाहेर काढतात, उजेडात उलटेपालटे करून पाहतात. उजवीकडे तीन पाळी, डावीकडे दोन, आणि मध्ये लहानसे एक, ज्याला गुलाबाचे नाव दिले आहे, वर्दा. शंका आली तर फोपसे फुगवतात, शंकेच्या जागी कोमट पाणी ठेवतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात. आजच्या काळात सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तीच ही रीत.

माझे आजोबा अलिबाग तालुक्यातल्या एका खेड्यात हे काम करीत. आपल्या परंपरेत सांगतात की दाविद राहाबी यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतून काजी नेमले आणि शेहितेचे ज्ञान त्यांच्या हाती दिले. आजोबा त्या तिन्ही घराण्यांतले नव्हते, पण एका काजींच्या हाताखाली शिकलेले होते. बोकड कापला की ते आत हात घालून डोळे मिटून घेत. मला लहानपणी वाटे, ते प्रार्थना म्हणत आहेत. पुढे मी मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो आणि चार पुस्तके वाचल्यावर मला हे सारे कर्मकांड वाटू लागले. सुटीत एकदा तसे मी त्यांना म्हणालोही. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर काही महिन्यांतच मांसतपासणीचा अभ्यासक्रम सुरू झाला. आमच्या प्राध्यापकांनी एका शेळीचे फुप्फुस टेबलावर ठेवले आणि सांगितले, "पाहू नका, आधी चाचपा." डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या पाळ्यात, खोलवर, वाटाण्याएवढी कडक गाठ माझ्या बोटाला लागली. त्या क्षणी मला आजोबांचे मिटलेले डोळे आठवले.

रोग फोपशात लवकर उमटतो, कारण श्वासाबरोबर तो तेथेच प्रथम शिरतो. फुप्फुसाला सूज येऊन गेली की त्यावरचे आवरण खरखरीत होते आणि शेजारच्या बरगडीला चिकटते. न्यूमोनिया बरा होतो, पण खूण राहते. क्षयाच्या गाठी तेथेच येतात. या देशात याचे एक ठळक उदाहरण आहे. मिशिगन राज्याच्या ईशान्य भागात 1990च्या दशकात रानातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत गुरांचा क्षय आढळला. हा क्षय माणसालाही होऊ शकतो. तेथील शिकाऱ्यांना सांगण्यात येते की हरीण उघडल्यावर छातीच्या पोकळीचा आतला भाग आणि फुप्फुसे पाहा. पिवळट वा फिकट तपकिरी गाठी दिसल्या तर मांस घेऊ नका, अधिकाऱ्यांना कळवा. हा सल्ला प्रथम वाचला तेव्हा मी माझ्या खुर्चीत मोठ्याने हसलो. अमेरिकेतील सरकारी पत्रक आणि शुलहान आरूख एकाच पोकळीत हात घालावयास सांगत होते.

मात्र येथे मला सावधपणे बोलले पाहिजे. आपल्यात अशी एक सवय आहे की शास्त्रात काही आढळले की लगेच म्हणायचे, पाहा, आमच्या पूर्वजांना जंतू ठाऊक होते! तसे नाही. हुल्लीनचे आचार्य जंतू शोधीत नव्हते. ते व्यंग शोधीत होते, जनावर पुढे बारा महिने जगू शकले असते का हे ठरवीत होते. ती धर्माची कसोटी आहे, आरोग्यखात्याची नव्हे. क्षयाने पोखरलेल्या प्रत्येक हरणात गाठी दिसतातच असेही नाही. आणि उलट बाजूने पाहिले तर, निरुपद्रवी जुन्या सिरखेमुळे कित्येक धडधाकट बोकड आपण सोडून देतो, सफारदी रीतीने तर अधिकच.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी. केवळ आजारी आहे म्हणून जनावर तेरेफा होत नाही. मरणपंथाला लागलेल्या जनावराला मेसुकेनेत म्हणतात. शेहितेच्या वेळी त्याने पाय हलवला, अंग झटकले, तर नियमाप्रमाणे ते विहित ठरते. पण नियमाने ठरते म्हणून खावे असे आचार्यांना वाटत नव्हते. येहेज्केल संदेष्ट्याने आपण लहानपणापासून नेवेला व तेरेफा खाल्ले नाही असे म्हटले आहे. त्यावर आचार्य विचारतात, यात विशेष ते काय? आणि उत्तर देतात की जे जनावर मरायला टेकले आहे म्हणून घाईघाईने कापले जाते, त्याचेही मांस त्याने कधी खाल्ले नव्हते. त्याच हुल्लीनमध्ये दुसरे एक तत्त्व सांगितले आहे: निषेधाच्या बाबतीत जेवढी कडक दृष्टी ठेवायची, त्याहून अधिक कडक दृष्टी जिवाच्या धोक्याच्या बाबतीत ठेवायची. म्हणून आजींचा दुसरा प्रश्न पहिल्याच्या मागे उभा नाही. माझ्या मते तो पुढे आहे.

आता आपल्या आसपासच्या हरणांकडे येऊ. रॅरिटन नदीच्या काठी, जॉन्सन पार्कच्या बाजूला, रटगर्स विद्यापीठाच्या रानात संध्याकाळी पाच-सहा हरणांचा कळप दिसत नाही असा दिवस विरळा. आपल्या बागेतले गुलाब कोण खाते हे सांगायला नको. यांच्यात कोणते रोग असतात?

एक रोग तर या राज्याच्याच नावाने शास्त्रात गेला आहे. 1955 साली न्यू जर्सीत हरणे मोठ्या संख्येने मरू लागली आणि त्यांच्यातून जो विषाणू वेगळा केला गेला त्याच्या पहिल्या प्रकाराला आजही न्यू जर्सी असेच म्हणतात. रोगाचे नाव एपिझूटिक हेमोरॅजिक डिसीज, हरणांचा रक्तस्रावी ताप. चिलटासारखा बारीक कीटक तो पसरवतो. उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतो आणि पहिले कडक धुके-हिव पडले की थांबतो. तापाने तहानलेली हरणे पाण्याकडे जातात आणि ओढ्याकाठी मरून पडलेली सापडतात. जीभ सुजते, निळी पडते. माणसाला हा होत नाही. तरीही तापलेल्या जनावराचे मांस खाऊ नये, कारण अशक्त देहात दुसरे जंतू सहज शिरतात. आपल्याकडे शेतकरी घटसर्प झालेल्या म्हशीविषयी हेच म्हणतो.

दुसरा रोग मात्र निराळा, आणि त्याच्यासाठीच मी आज उभा आहे. त्याला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणतात. झिजून झिजून मरण्याचा रोग. 1967 साली कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रात ठेवलेल्या हरणांत तो प्रथम लक्षात आला. तो जंतूंचा नाही, विषाणूंचाही नाही. मेंदूतील एका प्रथिनाची घडी बिघडते आणि ते बिघडलेले प्रथिन शेजारच्या प्रथिनाला बिघडवत जाते. याला प्रायॉन म्हणतात. इंग्लंडमधील गाईंचा वेडाचा रोग याच जातीचा. लाळ, मूत्र, विष्ठा यांतून तो पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतो. शिजवल्याने तो मरत नाही, गोठवल्याने मरत नाही, मिठात घालूनही मरत नाही. 2005 साली तो न्यूयॉर्क राज्यात सापडला, 2012 साली पेनसिल्व्हेनियात. न्यू जर्सीच्या हरणांत तो अजून आढळलेला नाही, आणि म्हणूनच ज्या राज्यांत तो आहे तेथून हरणाचे अख्खे धड येथे आणण्यास बंदी आहे. हाडे काढलेले मांस आणता येते. माणसाला या रोगाची बाधा झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु गाईंच्या रोगाविषयीही प्रारंभी असेच सांगितले जात होते.

या रोगात आजोबांचा हात कामाचा नाही. लागण झालेले हरीण वर्ष-दीड वर्ष, कधी अधिक काळ, अगदी धडधाकट दिसते. फोपसे गुलाबी, काळीज गडद आणि गुळगुळीत, अंगावर चरबी. झडलेला देह, लोंबते कान, गळणारी लाळ, माणसाची भीती उरलेली नाही, ही सारी लक्षणे शेवटच्या काही आठवड्यांची. डोळ्याला आणि बोटाला हा रोग सापडत नाही. तो सापडतो घशामागच्या लसिकाग्रंथीत आणि मेंदूच्या देठाच्या तुकड्यात, प्रयोगशाळेत. म्हणून ज्या भागात हा रोग आहे तेथे हरणाचे डोके तपासणीला पाठवावे, निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये आणि दोष निघाला तर टाकून द्यावे, असा या देशाच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. पेनसिल्व्हेनियात बाधित म्हणून आखलेल्या भागांत ही तपासणी विनामूल्य होते. डोके ठेवण्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दुकानातील गोमांस किंवा मेंढीचे मांस सरकारी निरीक्षकाच्या नजरेखालून आलेले असते. 1906च्या कायद्याने ते बंधनकारक आहे, आणि तो निरीक्षक फुप्फुस चाचपतो, ग्रंथी कापून पाहतो. रानात मारलेल्या हरणाला असा कोणी नाही. ते विकता येत नाही, म्हणून त्याची तपासणीही नाही. तेथे शिकारी हाच शोहेत, तोच निरीक्षक आणि तोच खाटीक. त्याने जर पाहिले नसेल, तर कोणीच पाहिलेले नाही.

म्हणून आपल्या घरातले जे कोणी शिकारीला जातात, किंवा ज्यांचे स्नेही जातात, त्यांना माझे सांगणे आहे. बाण सोडण्याआधी जनावर चालते कसे ते पाहा; जे लडखडते, एकटे उभे राहते, पळत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका आणि वनखात्याला कळवा. उघडताना हातमोजे घाला. छाती उघडल्यावर सर्वांत आधी वास घ्या. फुप्फुस बरगडीला चिकटले असेल, त्यावर गाठी असतील, पोकळीत पू किंवा गढूळ पाणी असेल, काळजावर पांढरट फोड असतील, तर तेथेच थांबा. काळजात चपटे पर्णकृमी सापडतात. ते मांसात नसतात, काळीज तेवढे टाकावे. मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा आणि ग्रंथी यांना सुरी लावू नका. बंदुकीची शिकार असेल तर जखमेच्या भोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाका, शिशाचे कण दिसतात त्याहून दूरवर पसरलेले असतात. आणि मांस आतपर्यंत शिजवा, 165 अंश फॅरनहाइट. आपल्या रश्शात ते आपोआप होते, येथल्या अर्धकच्च्या स्टेकमध्ये होत नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी अर्धकच्च्या हरणाच्या मांसातून पोटात जाऊ शकतो आणि गर्भाला इजा करतो. ज्या घरात सून गरोदर आहे तेथे ही गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती, तिच्याकडे आजींखेरीज कोणाचेही लक्ष गेले नव्हते.

मी त्या मुलाला म्हणालो, तुझ्या मित्राला विचार. रागाने नको, कुतूहलाने विचार. हरीण कोणत्या भागातले, डोके तपासले का, फोपसे कसे होते. त्याने फोन केला. मित्र प्रामाणिक, त्याने सरळ सांगितले की हरीण तेथल्या बाधित भागाच्या हद्दीलगत मारले होते. डोके कचऱ्यात गेले. आणि आतडी-फोपसे, सगळेच शिकारी करतात त्याप्रमाणे, रानातच टाकून दिले. ते अंधारात घाईने काढले होते, नीट पाहिले नव्हते. म्हणजे आजींच्या प्रश्नाचे उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या पाचोळ्यात पडले होते आणि एव्हाना ते कोल्ह्यांनी खाल्ले असणार.

सहा पाकिटे परत गेली. मित्राला प्रथम वाईट वाटले, ते साहजिक आहे. पण त्याच्या घरीही दोन लहान मुले आहेत, आणि त्याच हरणाची उरलेली पाकिटे त्याच्या फ्रीझरमध्ये होती. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून विचारले की डोके कोठे द्यायचे असते. या हंगामात त्याने दुसरे हरीण मारले आहे आणि त्याचे डोके पेटीत ठेवले आहे. निकालाची वाट पाहत आहे. आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि फोपसं?"

(भाषणानंतर काही प्रश्न विचारण्यात आले. त्यांतील दोन येथे देत आहोत.)

एका भगिनीने विचारले: पाळीव हरणांचे काशेर मांस येथे मिळते. ते घेतले तर ही चिंता उरत नाही ना?

उत्तर: शेहिता झालेली असते, फोपसे तपासलेले असते, म्हणून तो पहिला प्रश्न सुटतो. दुसरा पूर्ण सुटत नाही. पेनसिल्व्हेनियात 2012 साली हा रोग प्रथम सापडला तो रानात नव्हे, पाळीव हरणांतच. कळपांच्या तपासणीची एक सरकारी योजना आहे, पण तिच्यात सामील होणे ऐच्छिक आहे. विकणाऱ्याला विचारा की कळप त्या योजनेत नोंदलेला आहे का. चांगला विक्रेता या प्रश्नाने रागावत नाही.

एका तरुणाने विचारले: आमच्या घरी मागच्या वर्षीचे हरणाचे मांस गोठवलेले आहे. कोणत्या भागातले ते ठाऊक नाही. इतके दिवस गोठवल्यावर धोका कमी झाला असेल का?

उत्तर: काही परजीवी गोठवल्याने मरतात, सगळे नाही. प्रायॉन मुळीच नाही. देणाऱ्याला आजच फोन करा. त्याला आठवत नसेल, तर ते घरात ठेवू नका. आणि कुत्र्यालाही घालू नका.